आधी गळा, मग कास
गोठ्याची सूत्रं हाती घेतलेल्या पुतणीला एका निवृत्त पशुवैद्याचे कानमंत्र

पोरी, गोठा आता तुझ्या हातात आलाय. फॅट कसं टिकवायचं, एसएनएफ का पडतं, दगडी कशी ओळखायची, हे तुला डेअरीवरचा दूध मोजणारा पोरगासुद्धा सांगेल. मी सांगणार आहे ते डेअरीच्या मशीनवर दिसत नाही आणि त्याला भावही मिळत नाही, म्हणून त्याच्याविषयी कुणी बोलत नाही. दुधातलं आयोडीन. ते गाईच्या गळ्यातल्या थायरॉइडशी बांधलेलं आहे आणि त्याचा शेवट तुझ्या गिऱ्हाइकाच्या घरातल्या लेकराच्या कपात होतो. एकदा नीट ऐकून घे, मग आयुष्यभर पुरेल.

१. पहिला हक्क गळ्याचा

गाईच्या नरड्याखाली, श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना थायरॉइडचे दोन लहान भाग असतात. थायरॉक्सिन तिथंच बनतं. त्याच्या एका कणाला आयोडीनचे चार अणू लागतात, आणि त्याच्या जास्त जोरदार भावाला, टी-थ्रीला, तीन. म्हणून थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घ्यायला एक पंप ठेवून असतात.

आता मुख्य गोष्ट. अगदी तसाच पंप कासेतही आहे. तोही रक्तातलं आयोडीन ओढतो आणि दुधात सोडतो. बाईच्या स्तनातही तो असतो, कारण बाळाचा मेंदू घडायला आयोडीन लागतं. म्हणजे पाणी एकच आणि मोटारी दोन. फरक एवढाच, की त्या दोघींचे मालक वेगळे आहेत. गळ्यातला पंप मेंदूखालच्या पिट्युटरीच्या हुकमावर चालतो. रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन घटलं की पिट्युटरी टीएसएच नावाचा निरोप धाडते आणि थायरॉइड दुप्पट जोमाने आयोडीन ओढायला लागतं. कासेतल्या पंपाला हा निरोप जात नाही. तो प्रोलॅक्टिनसारख्या दुधाच्या हार्मोनांवर चालतो. त्यामुळे टंचाई आली की गळ्याचा जोर वाढतो, कासेचा वाढत नाही.

आकड्यांत सांगतो. खाद्यात आयोडीन पुरेसं असेल तर खाल्लेल्यापैकी वीस टक्क्यांहूनही कमी थायरॉइडमध्ये जातं. उरलेलं मूत्रात आणि दुधात. टंचाई तीव्र असली तर एकटं थायरॉइड पासष्ट टक्क्यांपर्यंत लाटतं. तू कालव्यावरची आहेस, तुला हे लगेच कळेल: गळा मुखाशी आहे आणि कास टेलला. आवर्तन कमी पडलं की मुखाकडचा भिजतो आणि टेलचा कोरडा राहतो.

म्हणून हा पहिला मंत्र पाठ कर: गाय धडधाकट दिसते म्हणून दुधात आयोडीन आहे, असं समजू नकोस. गाय आपलं भागवून बसलेली असते.

२. वासराचा गळा चाचपून बघ

फुगलेला गळा म्हणजे भरलेला गळा नव्हे. आयोडीन मिळत नाही, हार्मोन बनत नाही, पिट्युटरी टीएसएचचे हाकारे थांबवत नाही, आणि त्या माऱ्याखाली ग्रंथी नुसती वाढत जाते. हाच गलगंड. तो गाईत सहसा उठून दिसत नाही, वासरात दिसतो. पोटातल्या वासराला आयोडीन आईच्या रक्तातूनच मिळतं, आणि आईला कमी पडलं की दोघांचीही ओढाताण होते. गाय ठणठणीत आणि वासरू गळा फुगवून जन्मलेलं, हे चित्र म्हणूनच दिसतं.

प्रत्येक वासरू कोरडं झालं की एवढं कर. त्याचं डोकं सरळ धर, हनुवटी किंचित वर. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, नरड्याच्या कडक भागाच्या जरा खाली, श्वासनळी मध्ये घेऊन हळूच सरकव. निरोगी वासरात बोटांना जवळजवळ काहीच लागत नाही. दोन्ही बाजूंना मऊ, भरीव उंचवटे लागले, किंवा वरूनच गळा जाड दिसला, तर डॉक्टरला बोलाव. त्यासोबत अंगावर केस विरळ, उभं राहायला त्राण नाही, दूध ओढायला जोर नाही, किंवा वासरू मेलेलंच जन्मलं, तर संशय बळावतो. तसं एकच वासरू असेल तर नशीब म्हणून सोडू नकोस. मागच्या वेताची आठवण काढ, शेजारच्या गोठ्यात विचार.

मोठ्या गाईत माज मुका जाणं, वार अडकणं, गाय उलटणं, ही लक्षणंही आयोडीनच्या टंचाईत दिसतात. पण त्यांची कारणं दहा असतात. फॉस्फरस, ऊर्जेची कमतरता, गर्भाशयाचा दाह, चुकीच्या वेळी रेतन. एक लक्षण धरून आयोडीनला दोष देणारा डॉक्टर आणि एक लक्षण धरून आयोडीनची बाटली विकणारा दुकानदार, दोघांनाही दारातून परत पाठव. खात्री करायची तर गोठ्याच्या एकत्र दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून आयोडीन मोजून घे. दावणीत किती पडतंय, ते दूध रक्तापेक्षा प्रामाणिकपणे सांगतं. रक्तातलं थायरॉक्सिन बऱ्याच उशिरा घसरतं.

३. मिठावर गाईचं भागत नाही

आपल्याकडे सगळ्यांची समजूत अशी, की आयोडीन म्हणजे मीठ. माणसाच्या बाबतीत ते खरं आहे. कांगडा खोऱ्यात डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठात आयोडीन घालून गलगंड उतरतो हे दाखवलं, १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला बंदी आहे. कारखान्यातून निघताना किलोत ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि घरी पोचेपर्यंत निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन, असा नियम आहे. माणसाने दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्लं तर १५० मायक्रोग्रॅम मिळतात. मोठ्या माणसाची गरज तेवढीच. गरोदर बाईला आणि पाजणाऱ्या आईला २५०.

आता गाईचा हिशेब मांड. १५ लिटर दूध देणारी संकरित गाय दिवसाला साधारण १५ किलो कोरडा चारा-खाद्य खाते. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आयोडीन लागतं, म्हणजे सात ते आठ मिलिग्रॅम. तू तिला घरचंच आयोडीनचं मीठ ३० ग्रॅम दिलंस, तर त्यातून मिळतं फार तर एक मिलिग्रॅम. जुनं, ओलं झालेलं असेल तर अर्धा. पूर्ण गरज मिठातून भागवायची म्हटली तर पाव किलो ते अर्धा किलो मीठ रोज! गाय काय, उंटही खाणार नाही. आणि गोठ्यात आपण जे खडे मीठ टाकतो, त्यात तर आयोडीन घातलेलं नसतंच. माणसांच्या मिठाचा कायदा जनावरांना लागू नाही.

म्हणून मीठ दे, पण मिठासाठी दे. आयोडीनसाठी खनिज मिश्रण आहे.

४. खनिज मिश्रणाची पिशवी उलटी करून वाच

पुढची बाजू गाईच्या फोटोची असते, मागची कामाची. त्यावर आयोडीन टक्क्यांत लिहिलेलं असतं. ०.०१ टक्के म्हणजे किलोत १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमच्या रोजच्या मापात ५ मिलिग्रॅम. ०.०२ टक्के असेल तर १० मिलिग्रॅम. पोटॅशियम आयोडाइड लिहिलं असेल तर त्याच्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग आयोडीन धर. पशुखाद्याच्या पोत्यातही थोडं असतं, तेही मिळव. एवढी बेरीज-वजाबाकी तुला शाळेतच शिकवलेली आहे.

तीन गोष्टी ध्यानात ठेव. पहिली, आयोडीन उडून जाणारं आहे. आयोडाइड ओल, ऊन आणि उघड्या हवेत टिकत नाही. आयोडेट जास्त टिकतं. पिशवी गोठ्याच्या दारात उघडी ठेवशील तर पावसाळ्यात तिच्यातलं निम्मं काम संपलेलं असेल. झाकणाचा डबा, कोरडी जागा, आणि महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढीच खरेदी. दुसरी, सातत्य. गाईला एक सोय असते: रक्तातलं आयोडीन चौथ्या पोटात झिरपतं आणि आतड्यातून परत शोषलं जातं, त्यामुळे थोडे दिवस चुकले तर तिचं निभतं. पण आज मूठभर आणि मग आठवडाभर शून्य, असं देणं म्हणजे मिश्रण उकिरड्यावर टाकणं. तिसरी, आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी: आटवलेली गाय. दूध नाही म्हणून तिचं खाद्य आणि मिश्रण बंद करतात, आणि नेमकं शेवटच्या महिन्यांतच पोटातल्या वासराचं थायरॉइड काम करत असतं. दुधातल्या गाईला आधी, असं समजू नकोस. गाभण गाईला आधी.

५. चाऱ्यातले दोन चोर ओळख

आयोडीन दिलंस म्हणजे पोचलं असं नाही. चाऱ्यातच काही पदार्थ असे असतात, की ते आयोडीनच्या वाटेत बसतात. त्यांच्या दोन जाती आहेत, आणि त्यांचा उपायही वेगळा आहे.

पहिली जात पंपाच्या दारातच बसते. थायोसायनेट नावाचा पदार्थ आयोडीनच्या जागी त्या पंपाला चिकटतो. तो कुठून येतो? कोबी, फ्लॉवर, मोहरी ही एका कुळातली झाडं. आणि ज्या चाऱ्यात हायड्रोसायनिक आम्ल सुटतं तो, म्हणजे कोवळी ज्वारी, जवसाची पेंड. कोवळी ज्वारी लागून जनावर मरतं हे तू ऐकलंस, पण न मरता जगतं तेव्हा शरीर त्या विषाचं थायोसायनेट करून ते निरुपद्रवी करतं, आणि हेच थायोसायनेट आयोडीनला आडवं येतं. कासेतला पंपही गळ्यातल्यासारखाच असल्यामुळे आयोडीन तिथंही अडतं. मोहरीच्या कुळातली पेंड भरपूर दिली की दुधातलं आयोडीन घटतं, हे युरोपात मोजून पाहिलेलं आहे. रानाला युरिया जास्त पडला की चाऱ्यात साठणारं नायट्रेटही त्याच जातीतलं, जोर कमी. या जातीवर उपाय सोपा: खाद्यातलं आयोडीन वाढव, म्हणजे गर्दीत आयोडीनचा नंबर लागतो.

दुसरी जात पंपाला हात लावत नाही. आत गेलेलं आयोडीन हार्मोनमध्ये बसूच देत नाही. मोहरीच्या पेंडीतला गॉयट्रिन, बाजरीतले काही रंगद्रव्यासारखे पदार्थ, आणि सुबाभळीतून पोटात तयार होणारं एक रसायन, हे या जातीचे. इथं नुसतं आयोडीन वाढवून फारसं भागत नाही. चाराच बदलावा लागतो.

म्हणून मंडईतून कोबीची पानं फुकट मिळतात म्हणून टेम्पो भरून आणू नकोस. आणलीस तर रोजच्या चाऱ्यात थोडी मिसळ, गाभण गाईला नको. ज्वारी फुलोऱ्यावर आली की काप. सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, वापरतेस तर आयोडीन थोडं वरचढ ठेव. सोयामुळे थायरॉक्सिन आतड्यातून परत शोषलं जाण्यात अडथळा येतो. सरकी पेंड देत असशील तरीही हीच काळजी घे.

६. सुबाभळीची गोष्ट स्वतंत्र सांगतो

आपल्याकडे सुबाभूळ कुंपणाला, बांधावर, शेळ्यांना म्हणून सत्तरच्या दशकापासून घरोघर पोचली. पाला प्रथिनांनी भरलेला, जनावर आवडीने खातं. पण तिच्यात मिमोसिन असतं. पोटातले जंतू त्याचं डीएचपी नावाचं रसायन करतात, आणि ते थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाही. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या जनावराचे केस झडतात, लाळ गळते, वजन पडतं, गळा वाढतो.

ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास व्हायचा, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना होत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने शोधलं, की हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात डीएचपी फोडून टाकणारे जंतू आहेत. ते जंतू नेऊन ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले, आणि त्रास थांबला. त्या जंतूचं नावच पुढे त्याच्यावरून पडलं, सिनर्जिस्टीस जोन्सी.

आपल्या गोठ्यासाठी यातून एवढंच घे: एकूण चाऱ्याच्या कोरड्या वजनात सुबाभूळ तीस टक्क्यांच्या आत. पाला सुकवून दिलास तर मिमोसिन कमी होतं. नव्या जनावराला एकदम नको, आठवडाभर थोडी-थोडी वाढव. ज्या गोठ्यातली जनावरं वर्षानुवर्षं सुबाभूळ खातायत आणि ठीक आहेत, तिथल्या एखाद्या गाईबरोबर नवीन गाय बांधली तर असे जंतू पसरायला मदत होते. गाभण आणि कोवळ्या कालवडींना मात्र माफक.

७. सड बुडव, पण पुढच्या धारेआधी पूस

धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणं, हे मी स्वतः सगळ्यांना शिकवत फिरलो. कासदाह त्याने खरंच कमी होतो आणि ते सोडू नकोस. पण त्यातलं आयोडीन दुधात उतरतं. थोडं सडाच्या कातडीतून शोषलं जाऊन, आणि थोडं सडावर वाळून राहिलेलं पुढच्या धारेत मिसळून.

काम असं कर. धार संपली की लगेच, सडाचं तोंड उघडं असतानाच, कपात अर्ध्या टक्क्याचं द्रावण घेऊन सड दोन तृतीयांश बुडव. फवारणी करू नकोस. त्यात द्रावण जास्त उडतं आणि दुधात आयोडीनही जास्त येतं. एक टक्क्याचं कडक द्रावण हौसेने घेऊ नकोस. पुढच्या धारेच्या आधी सड कोमट पाण्याने धू, प्रत्येक गाईला वेगळा कपडा किंवा कागद घेऊन पूस, सडाचं टोक कोरडं झालेलं बोटाने पाहा. पहिल्या दोन-तीन पिळा वेगळ्या वाटीत काढ. त्यातच गुठळी आहे का तेही दिसतं. मशीनच्या नळ्या आयोडीनने धुतेस तर शेवटचं पाणी साधं.

ही खबरदारी न घेतलेल्या गोठ्याचं दूध तपासून कुणी म्हणेल, की इथं आयोडीन भरपूर आहे. पण ते सडावरून आलेलं असतं, गाईच्या पोटात काहीच नसतं, आणि वासरू तरीही गळा फुगवून जन्मतं. दुधाचा आकडा वाचताना हे आधी विचार.

८. जास्त आयोडीनचं औषध गाईला देऊ नकोस

थायरॉइडचं हार्मोन वाढवून दूध वाढतं, हे खरं आहे. १९४० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत आयोडीन मिसळलेलं केसिन गाईंना खाऊ घातलं गेलं. त्यात थायरॉक्सिनसारखं काम करणारा पदार्थ असतो. दूध आणि फॅट काही आठवडे वाढलं. मग गाईचं वजन उतरलं, नाडी वाढली, आणि ते बंद केल्यावर दूध धाडकन खाली आलं. पूर्ण वेताचा हिशेब लावला तेव्हा फायदा जेमतेम. म्हणून पद्धत रुजली नाही.

यातलं आपल्या विषयाचं सूत्र असं: बाहेरून हार्मोन आलं, की पिट्युटरी टीएसएच थांबवते. गळ्यातला पंप झोपतो, आणि खाद्यातलं आयोडीन थायरॉइडकडे न जाता मूत्र आणि कासेकडे वळतं. शिवाय त्या औषधातलं आयोडीनही सुटून दुधात येतं. म्हणजे गाईच्या अंगात हार्मोन जास्त असेल तेव्हा दुधात आयोडीनही जास्त, आणि त्याचा अर्थ गाय निरोगी आहे असा अजिबात नाही. कुणी 'दूध वाढवणारी' पुडी देईल आणि तिच्यावर घटक लिहिलेले नसतील, तर पुडी परत कर.

खुराचा सडका रोग, लाकडी जीभ यांवर डॉक्टर पोटॅशियम किंवा सोडियम आयोडाइड देतो. ते योग्यच. पण त्या काळातलं दूध डॉक्टर सांगेल तोवर वेगळं ठेव. अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकांत खुराच्या रोगाला म्हणून खाद्यात आयोडीनचं औषध सर्रास घातलं जाई, आणि दुधातलं आयोडीन इतकं वाढलं की तिथल्या तज्ज्ञांना आवरा म्हणावं लागलं. युरोपात दुभत्या गाईच्या खाद्यात किलोमागे ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गरज आहे अर्ध्या मिलिग्रॅमची, तेव्हा दहापट जागा आधीच दिलेली आहे.

गाईला जास्त झालं तर डोळ्यांतून पाणी, नाक वाहणं, खोकला, लाळ, अंगावर कोंड्यासारखे पापुद्रे. या खुणा दिसल्या की आयोडीनचं जे काही नवं सुरू केलं असेल ते थांबव, गाय सावरते.

९. उन्हाळ्यातला आणि नुकत्याच व्यायलेल्या गाईचा आकडा बघून घाबरू नकोस

रक्त तपासून कुणी म्हणालं, 'थायरॉक्सिन कमी आहे', तर आधी विचार, कोणता महिना आणि वेताचा कितवा आठवडा. एप्रिल-मेच्या उन्हात गाय स्वतःच थायरॉइड मंद करते, कारण तिला अंगातली उष्णता कमी करायची असते. नुकत्याच व्यायलेल्या, जास्त दूध देणाऱ्या गाईतही आकडा खाली असतो. खाण्यापेक्षा देणं जास्त असतं तेव्हा शरीर जपून चालतं. अशा वेळी हार्मोन देणं म्हणजे तिला आणखी पळवणं. सावली, थंड पाणी, पंखा, आणि रात्री जास्त चारा, हे तिचं औषध.

१०. दुधात उतरलं की वाया घालवू नकोस

गाईच्या दुधात लिटरला साधारण ३० ते ३०० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. तुझ्या दुधात १०० असेल, तर एका २०० मिलिलिटर कपात २०. मोठ्या माणसाच्या गरजेत छोटा वाटा, तीन-चार वर्षांच्या लेकराच्या गरजेत बराच मोठा. हे बहुतेक आयोडाइड क्षाराच्या रूपात असतं. गाईचं थायरॉक्सिन दुधात उतरतं ते नगण्य. 'गाईचं हार्मोन आपल्या अंगात येतं' असं कुणी सांगितलं, तर त्याला हे सांग.

आयोडाइड पाण्यात विरघळतं. त्यामुळे साय काढली तरी ते दुधातच राहतं, उकळल्याने फारसं जात नाही, ताकात टिकतं. तुपात जवळजवळ नसतं. पनीर काढलंस तर बरंचसं निवळीत जातं. ती निवळी ओतू नकोस, कणीक त्यातच मळ. आणि चिकात पुढच्या दुधापेक्षा आयोडीन जास्त असतं, म्हणून वासराच्या पहिल्या चिकात घरच्यांनी वाटा मागू नये.

दुधाने केवढं काम होतं ते ब्रिटनने नकळत पाहिलं. तिथं डर्बीशरसारख्या भागात गलगंड घरोघरी होता. १९३० नंतर गाईंच्या खाद्यात आयोडीन घालायला लागले ते गाईंच्या तब्येतीसाठी. सडांवर आयोडीनचं द्रावण वापरू लागले ते कासदाहासाठी. १९४६ पासून शाळेत दूध फुकट मिळू लागलं. माणसांच्या मिठात कायद्याने आयोडीन घातलं नाही, तरीही गलगंड ओसरला. आणि उलटी बाजू, १९५७ मध्ये इंग्लंडच्या विंडस्केल अणुभट्टीला आग लागली, १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडलं, गाईने खाल्लं, काही तासांत दुधात उतरलं. विंडस्केलभोवती सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. चेर्नोबिलनंतर पोलंडने मुलांना आयोडीनचा डोस दिला; ज्यांचा गळा आधीच भरलेला, तिथं विषारी आयोडीनला जागा उरत नाही. दुधातली तीच वाट गरजेच्या आयोडीनसाठीही आहे आणि नको असलेल्यासाठीही, त्यामुळे गव्हाणीत काय पडतं त्यावर तुझी नजर हवी.

११. गिऱ्हाइकाला काय सांगायचं

घरपोच दूध देतेस, बायका विचारतील. कॅनवर 'आयोडीनयुक्त' असं लिहू नकोस. मोजल्याशिवाय दावा नको, आणि थायरॉइडच्या रुग्णाला दूध म्हणजे औषध नव्हे. काहींचं थायरॉइड जास्त आयोडीननेही बिघडतं, त्यांच्या डॉक्टरचा शब्द चालेल, आपला नाही. मात्र एक सांगायचं जरूर सांग: थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबरच, आणि दूध-चहा निदान अर्ध्या ते एका तासाने. दुधातल्या कॅल्शियममुळे गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांचं अंतर.

आता या सगळ्याचं वर्षाचं काम थोडक्यात लिहून घे. वासरू जन्मलं की गळा बघायचा. महिन्यातून एकदा खनिज मिश्रणाचा डबा उघडून वास, गुठळ्या आणि तारीख बघायची. नवा चारा, नवी पेंड आली की ती कुठल्या जातीची, हे विचारायचं. कालवडी आणि आटवलेल्या गाई यांचं मिश्रण आधी मोजायचं, मग दुभत्यांचं. वर्षातून दोनदा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा पावसाळ्याच्या शेवटी, गोठ्याच्या एकत्र दुधाचं आयोडीन तपासून वहीत लिहायचं, आणि त्याच पानावर त्या आठवड्यात सड कशाने बुडवले आणि खाद्य काय होतं तेही लिहायचं. तीन वर्षांची अशी पानं हातात असली, की आकडा चढला किंवा उतरला तर कारण त्यातच सापडेल; डॉक्टरला बोलावलंस तरी वही आधी त्याच्यासमोर ठेव.